कृष्णाबाईंचं पूर्ण नाव

उरणच्या एका कंटेनर यार्डात संगणक सांभाळणाऱ्या हेमालीला कुणी ‘जमत नाही’ म्हटलं, की तिचं डोकं फिरायचं. गावचं मिठागर बुजवलं, तेव्हा दाद मागायला गेलेल्या सगळ्यांना साहेबांनी तेच ऐकवलं होतं.

त्या मिठागरात राबलेल्या एकशे बारा माणसांच्या आठवणी तिने दोन वर्षं रविवार मोडून ध्वनिमुद्रित केल्या. गावात कृष्णाबाईच तीन, म्हणून नाव सांगायचं ते नवरा, आळी आणि आगरासकट, म्हणजे राबले त्या मिठाच्या वाफ्यांसकट. हेमालीने फायलींना तशीच नावं दिली, देवनागरीत. मग सगळ्यांचं ‘टार’ नावाचं एकच गाठोडं बांधून अलिबागच्या ग्रंथालयाला पाठवलं, त्यांच्या पत्रकात सांगितलेल्या जुन्या पद्धतीने. तिथे त्यातून फायली निघाल्या एकोणचाळीसच.

यार्डातलं लिनक्स, ग्रंथालयातलं बीएसडी, हेमालीचा मॅक, सगळी युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीच्याच घराण्यातली, पण भाऊबंदकी ठरलेली. जुन्या पद्धतीत फायलीच्या नावाला शंभर घरं. इंग्रजी अक्षराला एक पुरतं. आपल्या अक्षराला तीन लागतात, काना-मात्रेला आणखी तीन. लांब नावाच्या फायली टारने घेतल्याच नव्हत्या. पडद्यावर तसं बजावलंही होतं, हेमालीने घाईत वाचलं नव्हतं. चूक तिचीच होती, आणि ती तिला झोंबली.

“नावं कशाला? नंबर द्या,” ग्रंथालयाचे दिपेश सर फोनवर म्हणाले. “सोमवारनंतर काही घेता येणार नाही.”

शेजारच्या कृष्णाबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या. त्यांचीही फाईल गळली होती.

“आगर गेला, जमीन गेली,” त्या म्हणाल्या. “माजा नाव तरी कापू नको गो.”

“नाय कापत, काकी.”

पॅक्स नावाच्या नव्या पद्धतीला लांब नावांचं वावडं नसतं. हेमालीने त्या पद्धतीने गाठोडं पुन्हा बांधलं. यार्डातल्या यंत्रावर सोडलं, मॅकवर सोडलं, जुन्या लॅपटॉपवर बीएसडी चढवून तिथेही सोडलं. तिन्हीकडे एकशे बारा मोजल्यावरच तिने चहा घेतला.

सोमवारी हेमाली आणि कृष्णाबाई करंज्याहून बोटीने रेवसला उतरल्या आणि अलिबाग गाठलं. ग्रंथालयात एकशे बाराच्या एकशे बारा फायली उघडल्या. दिपेश सरांनी मान डोलावली, मग छापायच्या यादीपाशी थांबले.

“कृष्णाबाई बुधाजी पाटील, खालची आळी, वडाखालचं आगर... रकान्यात एवढं मावत नाही. आडनावापुढचं काढू?”

कृष्णाबाईंनी हेमालीकडे पाहिलं.

“रकाना रुंद करा,” हेमाली म्हणाली, आणि काकींसाठी खुर्ची ओढली. “आम्ही बसलोय.”