पैसे हिराच्या हातात

दत्तोबांनी कोंडूला कामावरून काढलं ते त्यानं चोरी केली म्हणून नव्हे, दुधात पाणी घातलं म्हणूनही नव्हे. त्याच्या बायकोला कॅन्सर झाला म्हणून काढलं. आज हे कुणाला सांगितलं की समोरचा विचारतो, "पण त्याचा याच्याशी काय संबंध?" तेव्हा औंढ्यात एकाही माणसानं हे विचारलं नाही. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. मीही विचारलं नाही.

कोंडू वरच्या ठाकरवाडीतला. अंगानं काटकुळा, चाळिशीच्या अलीकडचा. दत्तोबांच्या गोठ्यातलं दूध कावडीनं लोणावळ्याच्या हॉटेलांत पोचवायचं काम तो बारा वर्षं करत होता. चालत गेलं तर हॉटेलांच्या पहिल्या चहाची वेळ हुकायची, म्हणून तो धावतच जायचा. पावलं आखूड आणि भरभर, खांदा मात्र जागचा हलायचा नाही. त्याच्या हातून दूध सांडल्याचं मी कधी ऐकलं नाही.

सहासष्ट साली त्याच्या बायकोच्या, हिराच्या छातीत गाठ निघाली. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथल्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं, एक बाजू काढून टाकली, मग महिनाभर किरणांचा शेक दिला. हिरा वाचली. परत येताना लोणावळा स्टेशनवरून औंढ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत आली. गावाला आनंद व्हायला हवा होता. गावानं ठरवलं की हा रोग उडता आहे.

दुकानदार तिला पैसे फळीवर ठेवायला लावायचा आणि ती गेल्यावर त्यांवर पाणी शिंपडायचा. गिरणीत तिचं दळण सगळ्यांच्या शेवटी. आमच्या दारात ती रानभाजी आणून द्यायची, ती माझ्या बायकोनं घेणं बंद केलं. ताटात भाजी का नाही हे मला ठाऊक होतं. मी निमूट जेवलो.

आणि मग दत्तोबांनी कोंडूला गोठ्याच्या बाहेरच थांबवलं.

"तुझ्या हातचं दूध गिऱ्हाईक घेईना, कोंडू. माझा नाइलाज हाय."

"आबा, रोग तिला झालाय, मला न्हाई. आन् ह्यो लागत न्हाई. डाक्टरनी सांगितलंय."

"डाक्टर काय माझं दूध इकत घेनारे?"

दत्तोबांकडे एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नव्हती. हे मला लोणावळ्यातल्या एका हॉटेलवाल्यानंच पुढं सांगितलं. तो म्हणाला, नवा माणूस उशिरा येतो आणि अर्धं दूध हिंदकळून सांडतो, आमच्या कोंडूला परत पाठवा.

कोंडूला लोणावळ्यात एका बंगल्यावर माळीकाम मिळालं. सदुसष्टच्या डिसेंबरात तो एक छापील कागद घेऊन माझ्याकडे आला. बंगल्याच्या फाटकावर लावलेला, त्यानं मालकाला विचारून आणला होता. तिथल्या बंगलेवाल्या मंडळींनी एक मदत समिती काढली होती. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी लोणावळा ते तळेगाव अशी दौड होणार होती. धावणाऱ्यानं आधी घरोघर फिरून देणगी जमवायची, आणि तो पैसा गरीब कॅन्सर रुग्णांसाठी जाणार होता. मी वाचून दाखवलं.

"म्हंजी हिच्यासाटी?" कोंडूनं विचारलं.

"हिच्यासारख्यांसाठी."

"मग माजं नाव लिवा."

मी फॉर्म भरायला घेतला. धंदा या रकान्याशी थांबलो. तो म्हणाला, "दूधवाला लिवा."

"अरे, ते काम सुटून वर्ष झालं."

"मी न्हाई सोडलेलं, गुरुजी."

मी दूधवाला लिहिलं.

त्याला सरावाची गरज नाही असं मला वाटलं होतं. पण डोंगराच्या वाटेवर धावणं वेगळं आणि मुंबई-पुणे रस्त्यावर सतरा-अठरा मैल धावणं वेगळं. पहिल्या आठवड्यातच त्याचे गुडघे सुजले. "डांबर पायाला उलटं मारतंय," तो म्हणाला. मग रस्त्याच्या कडेचा मुरूम धरून तो पळू लागला. पहाटे कार्ल्यापर्यंत जाऊन परत, पुढं मळवलीपर्यंत, मग कामशेत. समितीनं कॅनव्हासचे बूट दिले होते. त्यांनी टाचा सोलल्या, तेव्हा बूट कुडाला टांगून तो अनवाणीच पळायला लागला. मी सायकलवर मागून जायचो, हातात शाळेचं घड्याळ. धावताना त्याचा उजवा हात खांद्यापाशी वर उचललेला असायचा, कावड धरल्यासारखा. मी त्याला तो खाली घ्यायला सांगितलं, तर त्याचा तोलच जायला लागला. मग राहू दिला.

देणगीसाठी समितीनं झाकणाला चीर पाडलेला एक पत्र्याचा डबा दिला होता. कोंडूनं तो स्वतः धरला नाही. हिराच्या काखेत दिला आणि दोघं औंढ्यात घरोघर निघाले. प्रत्येक दारात त्याचं म्हणणं एकच, "क्यानसरसाटी मागतोय. द्यायचं आसंल तर हिच्या हातात द्या."

मी त्यांच्याबरोबर होतो. त्या दिवशी माणसांनी काय काय केलं ते आठवलं तरी डोकं तापतं. कुणी पैसा लांबून डब्यावर टाकायचा. तो खाली पडला की कोंडू उचलून परत द्यायचा. कुणी पैसे माझ्या हातात कोंबायला बघायचा. एकीनं तर हातावर पदर गुंडाळून चार आणे पुढं केले. हिरानं हात मागं घेतला. "बाई, माज्या हाताला काय झालंय? रोग छातीत व्हता. त्योबी कापून मुंबईला ठिवून आले."

दत्तोबा ओट्यावर बसले होते. त्यांनी पाच रुपयांची नोट कोंडूपुढं धरली. कोंडूनं दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"हिच्या हातात, आबा."

दत्तोबांनी नोट पायरीवर ठेवली, वर खडा ठेवला. "उचल म्हनावं."

हिरा जागची हलली नाही. "मी भीक मागाया न्हाई आले. हातात घाला, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

पाच रुपये म्हणजे त्या वेळी दोन दिवसांची मजुरी. नोट तिथंच पडून राहिली. शेवटी दत्तोबांची आई विठाबाई, कोवळ्या उन्हात बसलेली म्हातारी, हातावर जोर देऊन उठली. तिनं नोट उचलली, हिराच्या तळव्यात ठेवली आणि वरून दोन्ही हातांनी तो तळवा दाबला.

"मला आता ह्या वयात काय लागायचंय," ती म्हणाली.

बोलणं चुकीचंच होतं, पण हात खरा होता. सबंध सकाळीत हिराचे डोळे तेवढ्या एका वेळी भरले.

माझ्याही घरी ते आले. बायको रुपया घेऊन उंबऱ्यात थबकली. मी तो तिच्याकडून घेतला आणि हिराच्या हातावर ठेवला. गावातल्या चाळीस-पन्नास घरांपैकी पंधराएक जणांनी हातात पैसे दिले, त्यांत मी एक. पण त्या संध्याकाळी मी रोजच्यापेक्षा जास्त वेळ हात धुतले. पोरांना आरोग्याचा धडा शिकवणारा मी.

दौडीच्या सकाळी लोणावळ्यात मांडव घातला होता. डबा समितीच्या हवाली करायला हिरा आली होती, नऊवारी स्वच्छ धुतलेली. चिटणीसबाईंनी कोंडूचं कौतुक केलं, डबा उचलून पाहिला, "बराच जड आहे की," म्हणाल्या. ही कोण, असं त्यांनी विचारल्यावर मी सांगितलं, "यांची पत्नी. यांनाच कॅन्सर झाला होता." बाईंनी डबा चटकन टेबलावर ठेवला आणि मला बाजूला घेतलं.

"पेशंटला इथं कशाला आणलंत, गुरुजी? पाहुणे यायचेत. त्यांना तिकडं झाडाखाली बसवा ना. पाणीबिणी सगळं मिळेल."

औंढ्याची माणसं अडाणी, असं मी मनाशी म्हणून ठेवलं होतं. या बाई तर शिकलेल्या होत्या. कॅन्सरविषयी माहितीची पत्रकं त्याच वाटत होत्या.

हिरानं ते ऐकलं होतं. ती सरळ पहिल्या रांगेत जाऊन मधल्या खुर्चीवर बसली.

"माज्यासाटी पळायलेत ना समदी? मग मी बघते की."

तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या मोकळ्या राहिल्या. पाहुणे आले, दुसऱ्या रांगेत दाटीवाटीनं बसले, पण त्या खुर्च्यांना कुणी शिवलं नाही. कोंडू रेषेवर उभा राहून हे पाहत होता. शिट्टी वाजायच्या बेतात होती, तेवढ्यात तो रांग सोडून आला आणि छातीवर नंबर लावलेला तसाच हिराशेजारच्या खुर्चीवर बसला. शिट्टी झाली. साठ-सत्तर जण धावत सुटले. हा बसलेलाच.

"आवो, उठा की!" हिरा म्हणाली.

"कुनीतरी बसू दे तुज्याशेजारी."

तो मुख्य पाहुण्यांकडं पाहत बसून राहिला. शेवटी ते गृहस्थ, मुंबईचे कुणी व्यापारी, ओशाळून उठले आणि हिराच्या दुसऱ्या बाजूला येऊन टेकले. मगच कोंडू उठला.

वलवणपर्यंत तो सगळ्यांच्या मागं होता. कार्ल्याच्या फाट्यावर त्यानं निम्मे गाठले. कामशेतच्या पुढं त्याच्यापुढं सहा जण उरले, वडगावला चार. मी सायकलवर ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. वडगावच्या पुढं त्याच्या पोटरीत गोळा आला. तो लंगडला, थांबून पोटरीवर बुक्क्या मारल्या, पुन्हा धावला. तळेगावात तो चौथा आला. बक्षिसं तिघांना होती.

अशा वेळी माणसं म्हणतात की भाग घेणं महत्त्वाचं. कोंडू तसं काही म्हणाला नाही. तो रस्त्याच्या कडेला बसून रागानं रडला. "त्या खुर्चीपायी गेली, गुरुजी! चार मिंटं गेली माजी!"

हिरा गाडीनं तळेगावला पोचली होती. तिनं त्याच्या पायावर पाणी ओतलं. "मग कशाला आलतासा खुर्चीवर बसाया? मी काय बोलवलंतं?"

"गप बस."

"तुमीच गप बसा. पाय इकडं करा."

बक्षीस समारंभात चिटणीसबाईंनी सर्वांत जास्त घरं फिरलेला स्पर्धक म्हणून कोंडूचं नाव घेतलं. हिराचं घेतलं नाही. त्याला नारळ दिला. तो त्यानं तिथंच फोडला आणि आम्ही तिघांनी खाल्ला.

पुढं पंधरा दिवसांनी दत्तोबा वाडीवर आले, तेव्हा मी कोंडूच्या घरीच बसलो होतो. हॉटेलवाले कुरकुरत होते. "झालं गेलं सोड, कोंडू. उद्यापास्नं दूध घिऊन जा." कोंडू काही बोलायच्या आत हिरानं पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढं धरला. दत्तोबांनी तांब्याकडं पाहिलं.

"आज उपास हाय माझा."

"उपासाला पानी चालतं, आबा."

ते उठून गेले. कोंडू पुन्हा त्यांच्या गोठ्यावर गेला नाही, शेवटपर्यंत माळीकामच केलं. तांब्या तसाच भरलेला होता. तो मी प्यायलो, पण दत्तोबा दिसेनासे झाल्यावर. हेही लिहायलाच हवं.

हिरा त्यानंतर आठ वर्षं जगली. त्या आठ वर्षांत आसपासच्या गावांतल्या बाया तिच्याकडे यायला लागल्या. कुणाला गाठ, कुणाला अंगावरून जायचं, कुणाच्या तोंडातली जखम भरत नव्हती. घरात सांगायची सोय नसायची. त्या ओढ्याच्या आडवाटेनं, कुणाच्या नजरेला न पडता यायच्या. हिरा त्यांना मुंबईला घेऊन जायची, इस्पितळात कुठल्या खिडकीशी उभं राहायचं ते तिला पाठ होतं. पण त्या आडवाटेचा तिला भयंकर संताप यायचा.

"चोरी केलीया का तुमी? गावातनं येत जा!"

दत्तोबांची भावजय बयाबाई अशीच ओढ्यानं आली. हिरानं तिचं सगळं ऐकून घेतलं, गाठ चाचपून पाहिली आणि सांगितलं, "नेते. पन जाताना गावातनं जायचं."

बयाबाई दोन दिवस घरात रडली. तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, शाळेच्या खिडकीतून मला त्या दोघी दिसल्या. दुकानासमोरून, गिरणीसमोरून, दत्तोबांच्या ओट्यासमोरून चालल्या होत्या. हिरानं बयाबाईचा हात मनगटाशी घट्ट धरला होता. लोणावळ्याला जाऊन त्यांनी मुंबईची गाडी पकडली.