बोळाकाका

कुत्र्याच्या जबड्यात मनगटापर्यंत हात घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. भवानी पेठेत आमच्या गल्लीत राहणारे बोळाकाका. नोकरी गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडरची, पण जीव कुत्र्यांवर. चाटून चाटून कुत्र्यांच्या पोटात साचलेला केसांचा बोळा काढून द्यायचे, म्हणून हे नाव. दुष्काळात रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकऱ्या खाण्याचे ते दिवस. कुत्र्याला औषध म्हटलं की लोक खो खो हसत.

औषध तरी काय? चमचाभर गोडंतेल, पातळ पेज आणि हाडूक बंद. कुत्रं ओकलं की बोळा काडीवर धरून मालकाला दाखवायचे. "बघा, घोंगडीची लोकर बी हाय की ह्यात! त्याला जीभ हाय, फणी न्हाय. फणी तुमच्याकडं हाय." मालक चार दिवस केस विंचरायचा, पाचव्या दिवशी विसरायचा.

आमच्या झिपऱ्याला त्यांनी दोनदा बरं केलं. दुसऱ्या खेपेला माझ्यावरच खेकसले, "कॉलेजला जाताना सोताच्या येणीला अर्धा तास लावतीस, ह्याला पाच मिन्टं न्हाईत व्हय गं?" मला असला राग आला! फणी कोनाड्यात फेकली ती फेकलीच.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या पेठेत पिसाळलेलं कुत्रं चावून एक बाई गेली. सगळे धास्तावलेले. अशात एका दुपारी झिपऱ्या मान ताणून ओकाऱ्या देऊ लागला, तोंडाला फेस आला. हे मी आधी दोनदा पाहिलं होतं. तरी मेली माझीच जीभ! मी किंचाळले, "पिसाळलाय!"

गल्ली काठ्या घेऊनच धावली. बोळाकाका सायकल टाकून ओरडत आले, "थांबा रं, बोळा हाय त्यो!" तोवर सगळं संपलं होतं. त्यांनी मेलेल्या झिपऱ्याच्या घशात हात घातला आणि लिंबाएवढा बोळा बाहेर काढला. मी अगदी जवळ उभी होते.

पण बोळा कबूल केला तर आपण चांगलं कुत्रं मारलं हेही कबूल करावं लागणार होतं. मग गल्ली उलटंच बोलू लागली. काकांनी पिसाळलेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घातला, आता ते गल्लीत नकोत! माझे वडीलच सगळ्यांत पुढे. पोटात चौदा इंजेक्शनं घेऊनही काकांना कुणी नळावर येऊ देईना.

शेवटी ट्रंक घेऊन ते श्रीपूरला लेकीकडे निघाले. जाताना आमच्या दारात थांबले. वडिलांदेखत म्हणाले, "पोरी, तू बघितलास न्हवं बोळा? सांग की ह्यास्नी."

मी म्हणाले, "मला नाही दिसला काही."