शेवगावच्या उन्हातलं ज्युनिपर

गेल्या रविवारी नगरला बोन्सायचं प्रदर्शन होतं. त्यात पहिल्यांदाच माझं ज्युनिपर मांडलं… आणि दिवसभर माझी मान जरा जास्तच ताठ होती, हे आधीच सांगून टाकते.

ज्युनिपर म्हणजे देवदाराच्या नात्यातलं, थंड हवेतलं झाड. मी शेवगावला शाळेत विज्ञान शिकवते. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या नर्सरीतून हे वीतभर रोप घेतलं, तेव्हा नर्सरीवालाच म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे नाही टिकायचं." झालं… मग तर आणायलाच हवं होतं!

पहिल्याच पावसाळ्यात ते जाता जाता राहिलं. कुंडीत पाणी साचून मुळं कुजायला लागली होती. सगळी माती काढली, विटांचा जाडसर चुरा आणि चाळलेली वाळू भरली. तेव्हापासून झड लागली की कुंडीच्या एका बाजूखाली फरशीचा तुकडा सरकवते, म्हणजे पाणी निथळून जातं.

थंडी मात्र त्याला मानवते. फांद्यांना तार गुंडाळून वळण द्यायचं काम मी तेव्हाच काढते. आमच्या मिस्टरांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, तांब्याची जाड तार तेच विस्तवात तापवून मऊ करून देतात. एका नाताळात नणंदेने हौसेने त्यावर कागदी चांदणी लटकवली होती… "वन्सं, फांदी वाकेल हो," म्हणत मी ती संध्याकाळीच उतरवली.

खरी परीक्षा उन्हाळ्याची. गच्चीवर हिरवी शेडनेट, संध्याकाळी पाण्याचा फवारा. अधूनमधून एखादी फांदी पांढऱ्या कागदावर झटकायची… कागदावरचे ठिपके चालायला लागले, की समजायचं, रस शोषणारे लाल कोळी आलेत.

मागच्या मे महिन्यात नेमकं माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. नगरलाच झालं, म्हणून नंतर तिथेच बहिणीकडे राहिले. फोनवर झाडाचं विचारलं की मिस्टर एवढंच म्हणायचे, "हाय की. बरं हाय. तू औषध घेतलं का?" त्या 'बरं हाय'वर माझा काडीचा विश्वास नव्हता.

घरी आल्या आल्या, जिना चढायचा नाही असं सांगितलेलं असूनही, कठड्याला धरून हळूहळू गच्चीवर गेले. शेडनेटखालची जागा रिकामी! मी वरूनच मिस्टरांना हाक मारली.

मिस्टर खालून धावत आले. "अगं, तिथं न्हाई ते! गच्चीवर वारं लई भाजत हुतं. दुकानामागं लिंबाखाली ठेवलंय."

जाऊन बघितलं. कुंडीभोवती ओलं गोणपाट होतं, पण झाडाची पश्चिमेकडची अख्खी बाजू तांबूस पडून वाळली होती. ज्युनिपर फसवं असतं, मेलं तरी कितीतरी दिवस हिरवं दिसतं… त्यामुळे उरलेल्या हिरव्या बाजूचाही मला भरवसा वाटेना.

"मी नख मारून बघितलं," मिस्टर हळूच म्हणाले. "इकडची बाजू आतून हिरवी हाय. कात्री न्हाई लावली. म्हटलं, ते तूच ठरव."

मीही हिरव्या बाजूला नख मारून बघितलं. तेवढ्यात शेजारचे टायरवाले हमीदभाई तब्येत विचारायला आले. म्हणाले, "वहिनी, आमी रोज जेवायला हाका मारायचो. पन ह्यांचं आधी झाडाला पानी, मग डबा."

मग आम्ही दोघांनी वाट बघितली. पावसाळा सुरू झाला आणि हिरव्या बाजूच्या टोकांना पोपटी शेंडे फुटले. मी शाळेतून आले की मिस्टर दारातच सांगायचे, "आज वरच्या फांदीला आलाय बघ…"

वाळलेल्या फांद्या मी तोडल्या नाहीत. त्यांची साल सोलली, आतलं लाकूड पांढरंशुभ्र होऊ दिलं आणि पुढच्या हिवाळ्यात कुंडी बदलताना खोड थोडं तिरकं लावलं. मला खरं तर सरळ, त्रिकोणी झाड हवं होतं. आता एका बाजूला कोरड्या पांढऱ्या फांद्या आणि दुसरीकडे सगळी हिरवळ… डोंगरकड्यावर वर्षानुवर्षं वारा अंगावर घेतल्यासारखं दिसतं ते.

रविवारी पुण्याहून आलेल्या परीक्षक बाई त्याच्यासमोर बराच वेळ थांबल्या. "हा आकार कसा सुचला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "सुचला नाही हो. आमच्या मे महिन्याने दिला. आम्ही दोघांनी नुसतं जगवलं." त्या हसल्या आणि मोबाईल काढून चारही बाजूंनी फोटो घेतले.

मिस्टर तर टेबलापासून हलायला तयार नव्हते. कोणी पानांना हात लावायला गेलं की, "नका, हात न्हाई लावायचा," हे सुरूच. संध्याकाळी उत्तेजनार्थ बक्षीस जाहीर झालं तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या त्यांच्याच होत्या. वर मला म्हणतात, "पयलाच द्यायला पायजे हुता."

घरी पोचेपर्यंत दोघंही दमून गेलो होतो. प्रमाणपत्र पिशवीतच राहिलं, मिस्टर आधी कुंडी घेऊन गच्चीवर गेले.

झाडाचा अभिमान आहेच. पण मी नसताना माझ्या आवडीला इतकं जपणारं माणूस माझ्या घरात आहे… त्याचा जरा जास्त आहे.