हरवलेल्या कॅमेऱ्यातले तेवीस दिवस

गेल्या रविवारी दुपारी मोबाईलवर जे बघितलं ते डोक्यातून जातच नाही. आज पळसदरीला आमच्या ओट्यावर बसलोय, रेंज आहे, म्हणून लिहून टाकतो.

मी मोरबीला टाइल्सच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. शिक्षण आठवी... तीही अर्धी. खोपोली, चाकण, सुरत, मोरबी... एका जागी बूड टिकत नाही माझं. घरी आई एकटी. उन्हाळ्यात ती चक्कर येऊन मोरीत पडली, पाय दुखावला आणि तासभर कुणाला पत्ता नाही. मला तर चार दिवसांनी कळलं.

म्हणून ऑनलाइन कॅमेरा मागवला. सिमवर चालणारा, आत मेमरी कार्ड घालूनच येतो तो. पत्ता आईचा दिला. पार्सल दोन दिवस भिवंडीला दिसलं, मग कुठेच दिसेना. शेवटी विक्रेत्याने हरवलं म्हणून पैसे परत केले. मी त्यात बूट घेतले, विषय संपला.

तीन महिन्यांनी निलूचा व्हिडिओ कॉल आला. निलू माझी मामेबहीण, कळंबला रिसॉर्टवर काउंटरला असते, आईकडे येऊन जाऊन असते. म्हणाली, तुझं पार्सल आलंय. मी म्हटलं, मी काहीच मागवलं नाही. तिने खोकं फिरवून दाखवलं.

मी दिवसभर खोकीच बांधतो, त्यामुळे लगेच दिसलं... टेपवर टेप होती. एकदा कापलेलं खोकं कुणीतरी पुन्हा बांधलं होतं, अगदी नीट, कोपरे दाबून. छापील लेबल भिजून फाटलेलं. त्याच्या खाली आईचं नाव, पत्ता पेनाने लिहिलेला, मोठ्या सावकाश अक्षरात. पाठवणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

विक्रेत्याला कळवलं, माल आलाय, पैसे कापा नाहीतर माल घेऊन जा. उत्तर आलं की ऑर्डर बंद आहे, आमच्याकडून काहीच निघालेलं नाही. पुन्हा विचारलं तर म्हणाले, ठेवून घ्या.

मी खूश. आईला मात्र पटेना. "पैसं परत घेतलंस ना? मग ती वस्तू आपली नाय रं. कोणाच्या हातची हाय, काय म्हाईत." भूतखेत आमच्या घरात कुणी मानत नाही, आई तर नाहीच. तरी दोन दिवस तिने ते खोकं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

मीच हट्टाला पेटलो. निलूने सिम घातलं, दारावर कॅमेरा लावला. आई अंगणात दिसली, बरं वाटलं. दोन-चार दिवस बघितलं, मग माझंही बघणं कमी झालं... खरं सांगतो.

त्या ॲपमध्ये कॅलेंडर असतं. कार्डावर ज्या दिवसाचं रेकॉर्डिंग आहे त्या तारखेखाली हिरवा ठिपका. रविवारी खोलीवर पडल्या पडल्या सहज मागचा महिना उघडला, तर तिथेही ठिपके. त्याच्या मागच्या महिन्यातही. मोजले... तेवीस. कॅमेरा हरवला होता त्या दिवसांचे.

पहिला ठिपका दाबला. दुसरंच अंगण. कडेला निळा पिंप, तारेवर गोधडी. भिंतीला हात लावत एक म्हातारी बाहेर आली, पाठमोरी थेट आईसारखी. खाटेवर बसली आणि मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं. ओठ हलले, आवाज नव्हता. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

पुढच्या ठिपक्यावर तेच. त्याच्या पुढच्यावर तेच. साडेचारच्या सुमाराला यायची, बसायची, वर बघून काहीतरी बोलायची. मग उत्तर येणार असल्यासारखी थांबायची आणि आत जायची. नको नको म्हणत एकवीस दिवस बघितले. ओठांवरून एवढंच कळलं, शब्द रोज तेच आहेत.

बाविसाव्या दिवशी खाट नाही. अंगणभर माणसं आणि दाराशी चपलाच चपला.

मग दहा दिवस ठिपकाच नाही. शेवटच्या ठिपक्यात एक पोरगा स्टुलावर चढला. माझ्याच वयाचा, डोकं भादरलेलं. तोंड कॅमेऱ्याच्या एवढं जवळ की श्वास लागेल असं वाटलं. बराच वेळ नुसता बघत राहिला. मग त्याचा हात वर आला आणि अंधार.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पार्सल चुकून त्याच्या दारात गेलं असणार. तोही माझ्यासारखाच लांब कामाला असेल, आई एकटी असेल, म्हणून ठेवून घेतलं असेल. आई गेली आणि त्याने फाटक्या लेबलावरचं नाव वाचून खोकं पुन्हा बांधलं.

साडेचार वाजले होते. मी लाइव्ह उघडलं. आई ओट्यावर येऊन बसली, मान वर केली, ओठ हलले.

आवाजाचं बटण मी कधी चालूच केलं नव्हतं. ते दाबलं. "...जेवलास का रं? मी जेवली. पाय बरा हाय." आणि थांबली. उत्तर येणार असल्यासारखी. दोन आठवडे ती रोज अशी बोलत होती आणि मी आवाज बंद ठेवला होता.

बॅग भरली, सुपरवायझरला वाटेतूनच फोन केला.

आज घरी तिसरा दिवस. आईला सगळं सांगितलं. तिने स्वतः कॅमेरा उतरवला, पुसला, त्याच खोक्यात ठेवला. एवढंच म्हणाली, "त्या पोराला शोध."

म्हणून ही पोस्ट. निळा पिंप, तारेवर गोधडी, दारावर काही दिवस कॅमेरा... कुणाला असं घर आठवलं तर कळवा. पैसे मला केव्हाच परत मिळालेत, कॅमेरा कुणाचा ते मला ठरवता येत नाही. पण कार्ड त्याचं आहे. मी त्यातलं काही पुसलेलं नाही.

भावा, तू हे वाचत असशील तर... तुझी आई माझ्याकडे सुखरूप आहे.