ओलं वेगळं, वाळलेलं वेगळं

चहा आधी पिऊन घ्या. माझा पराक्रम ऐकल्यावर तुम्ही माझ्याजवळ बसाल का उठून जाल, काही भरवसा नाही. आणि हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घ्या. पुढं हसू येत नाही. मला तर अजून येत नाही.

मी वाशीकडच्या, म्हणजे आपल्या लातूरच्या बाजूच्या वाशीकडच्या, एका कॉलेजात इतिहास शिकवतो. झाडांतलं मला लिंब आणि बाभूळ एवढंच कळतं. त्यातही काटा टोचला तरच बाभूळ! अशा माणसाला प्राचार्यांनी यंदा केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, "सर, दिवाळीच्या आधी तपासणी समिती येतीय. वीजबचत आणि कचरा, दोन्ही तुमच्याकडं."

"सर, पण माझा विषय इतिहास..."

"म्हणूनच तर! तुमच्या तासाला पोरं बसत नाहीत. म्हणजे वेळ तुमच्याकडंच आहे."

आता अपमान गिळून गप बसावं का नाही माणसानं? पण माझा स्वभावच वाईट. काम गळ्यात पडलं की माझ्या अंगातच येतं. आठ दिवसांत मी कॉलेजात दहशत बसवली. स्टाफरूममध्ये पंख्याखाली एकटा माणूस दिसला की पंखा बंद. गणिताचे सर घामानं निथळत म्हणाले, "अहो, मी काय माणूस नाही का?" म्हटलं, "दुसरा आला की लावा." कोपऱ्याकोपऱ्यात दोन डबे ठेवले, ओला कचरा आणि सुका कचरा. केळाची साल सुक्यात टाकली म्हणून एका प्राध्यापकाला मी ती हात घालून परत काढायला लावली. लोक मला बघून वाट बदलायला लागले. मला वाटलं, आदर वाढतोय!

असाच एकदा बॉटनीच्या मागच्या खोलीवरून जाताना दाराच्या फटीतून उजेड दिसला. खोलीला कुलूप, आणि आत उजेड! मी महादूमामांना हाक मारली. मामा आमचे शिपाई, माझ्यापेक्षा वयानं मोठे. त्यांनी कुलूप काढलं.

आत एक लाकडी पेटी. पेटीत शंभरचा जुना बल्ब ढणाढणा जळतोय. वर जाळी, जाळीवर जुन्या पेपरांचे गठ्ठे. आणि भिंतीला लागून छतापर्यंत नुसते गठ्ठेच गठ्ठे, सुतळीनं बांधलेले.

"मामा, हा बल्ब कुणासाठी?"

"कांबळे मॅडमचा हाय. पोरीच्या बाळंतपनाला लातूरला गेल्यात, दीड म्हैन्यासाठी. जाताना म्हनल्या, मामा, ह्यो बल्ब इझू दिऊ नका."

ऐकून माझं रक्तच आटलं. आत माणूस नाही, काणूस नाही, आणि शंभरचा बल्ब अष्टौप्रहर! पण कांबळे मॅडम म्हणजे कॉलेजातलं सगळ्यांत जुनं माणूस, मार्चमध्ये निवृत्त होणार. त्यांचा शब्द मोडायचा कसा? मग मी डोकं लढवलं. शंभरचा काढला आणि तिथं नऊचा एलईडी लावला.

"मामा, बल्ब इझला का?"

"न्हाय."

"मग झालं तर!"

स्वतःवर काय खूश झालो म्हणून सांगू! शब्दही राहिला, वीजही वाचली. एवढंच कळलं नाही, की त्या पेटीला उजेड नको होता, ऊब हवी होती. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. हे मला कुणी सांगायला पाहिजे होतं? कुणीही सांगितलं असतं हो! पण विचारतो कोण?

मग पावसाची झड लागली. आठ दिवस सूर्य दिसला नाही. मामा नाकाला रुमाल लावून आले, "सर, त्या खोलीत लई घान वास सुटलाय." जाऊन बघतो तर पेटीवरचे गठ्ठे ओलेचिंब, वर पांढरी बुरशी. मी लगेच मॅडमना फोन लावला. तिकडं दवाखान्याचा गोंगाट, बाळाचं रडणं.

"मॅडम, तुमच्या खोलीतल्या पेपरांना बुरशी आलीय."

"अगं बाई! ओले राहिले का? सर, हात जोडते, आजच्या आज पेपर बदला!"

"जुने काढून टाकू?"

"काढा, काढा, सगळे काढा. आणि ओलं वेगळं, वाळलेलं वेगळं ठेवा बरं का! एकत्र झालं की मातीच!"

आणि फोन कट.

ओलं वेगळं, वाळलेलं वेगळं! अहो, दोन महिने मी घसा कोरडा करून हेच सांगत होतो. अख्ख्या कॉलेजात एक जण माझ्यासारखा निघाला, तोही बाळंतिणीच्या खाटेजवळून वर्गीकरणाचा विचार करणारा! माझे डोळे भरून आले. मॅडम पेटीवरच्या चार गठ्ठ्यांबद्दल बोलत होत्या. मी खोलीभर धरलं.

मामा आणि मी दोन दिवस बसलो. पेपर उलगडावा तर प्रत्येकात एकेक वाळकं रोपटं, चपटं झालेलं, मुळासकट. मला वाटलं, बाई काय टापटीप आहे, पालापाचोळासुद्धा पेपरात घडी घालून ठेवते! पेपरांच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं. वाटलं, शब्दकोडं सोडवलं असेल.

मामा चुळबुळत होते. "सर, ह्ये टाकायचं नसंल वाटतंया मला. मॅडम एकेका काडीवरची धूळ फुकर मारून झाडत्यात."

"मामा, खुद्द मॅडमनीच सांगितलंय फोनवर!"

"मंग म्या काय बोलू?"

पेपर गेले रद्दीवाल्याकडं. पाला आम्ही पोत्यावर चांगला चुरला आणि कॉलेजसमोरच्या वाफ्यांत खत म्हणून पसरला. कागद कागदाच्या जागी, पाला पाल्याच्या जागी. फोटो काढले. प्राचार्यांनी पाठ थोपटली. पुढं समिती आली, हिंडली, वाफे बघून खूश होऊन गेली. आणि दुसऱ्याच दिवशी कांबळे मॅडम हजर झाल्या, पेढे घेऊन. नातू झाला होता!

पहिला पेढा मला. "सर, तुम्ही माझ्या पेपरांची काळजी घेतली," म्हणाल्या. मी पेढा तोंडात टाकला आणि कौतुक ऐकायला त्यांच्या मागोमाग खोलीपर्यंत गेलो.

मॅडमनी दार उघडलं आणि तिथंच थांबल्या.

"सर, माझी झाडं?"

"कुठली झाडं?"

तेव्हा मला कळलं. अकरा वर्षं ही बाई दर रविवारी एसटीनं जाऊन, पुढं पायी हिंडून, ईट गावच्या बांधांपासून माकणीच्या धरणाच्या काठापर्यंतची रानटी रोपं जमवत होती. पेपरात दाबायची, पेपर ओले झाले की कोरडे बदलायची, पेटीच्या उबेवर वाळवायची. कोपऱ्यात त्या रोपाचं नाव, गाव, तारीख. निवृत्तीनंतर त्यावरून जिल्ह्यातल्या रानवनस्पतींचं पुस्तक करणार होती. कितीतरी रोपं अशी, की जिथं सापडली तिथं आता रस्ता झालाय, प्लॉट पडलेत. आणि मी काय केलं? नाव दिलं रद्दीत, झाड घातलं मातीत!

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं हो. त्या नुसत्या स्टुलावर बसल्या. माझ्या तोंडात तो पेढा. गिळवत नाही, थुंकवत नाही. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

मी गाडीला किक मारली आणि रद्दीवाल्याकडं पळालो. माल कधीच पुढं गेला होता. वर तो म्हणतो, "सर, तुमच्यावानी निवडून माल कुनीच देत न्हाय!"

परत आलो तर मॅडम वाफ्यांपाशी उभ्या. मामांनी त्यांना पाला कुठं पसरला ते दाखवलं होतं. मी मान खाली घालून जवळ गेलो. आणि काय सांगू, त्यांचा चेहरा एकदम उजळला!

"सर! अहो, रोपांना शेंगा होत्या, बोंडं होती. म्हणजे बी पडलं असणार इथं! पाऊसही झालाय. थोडं तरी उगवलं असेलच. नुसतं पान दिसू द्या, मी नाव सांगते! तेवढ्यावर पुन्हा उभं करते सगळं!"

आणि ती साठीला आलेली बाई चिखलात गुडघे टेकून बसली, हातानं माती चाळायला लागली. एक वाफा झाला, दुसरा झाला. तिसऱ्यापाशी थांबल्या.

"सर, इथं काहीच कसं नाही? साधं गवतसुद्धा नाही?"

"उगवलं होतं, मॅडम."

"उगवलं होतं? कुठाय?"

"लई उगवलं होतं. बारीक बारीक, नाना तऱ्हेचं. एकाला तर निळी कळी आली होती..."

"अहो, मग गेलं कुठं?"

"समिती येणार म्हणून... मला वाटलं तण आहे. उपटलं. दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता, म्हणून मीच बसलो दोन दिवस."

"सगळं?"

"मुळासकट, मॅडम."

तेवढ्यात महादूमामा, मला सावरायचं म्हणून, मागून म्हणाले, "वाया न्हाय गेलं मॅडम. सरांनी माज्या शेळ्यांस्नी दिलं. लई आवडीनं खाल्लं!"

मॅडम हळूहळू उठल्या. पदराला हात पुसले. मी म्हटलं आता तरी शिव्या द्या, मोकळ्या व्हा. पण त्या अगदी समजुतीच्या आवाजात, आजारी माणसाशी बोलतात तसं बोलल्या.

"सर, कॉलेजची वीज जळायची तेवढी जळू द्या. तुम्ही फक्त तुमची ऊर्जा वाचवा."