फुग्याच्या बाह्या

उत्कर्षा पहिल्यांदा माझ्या दुकानात आली तेव्हा मी तिला विचारलं होतं, "नाटकात काम करतेस का गं?"

माझं कोथरूडमध्ये मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, हुक, लेस, सगळं मिळतं. फुकटचे सल्लेही मिळतात. रविवारची सकाळ, आणि ही बया फुग्याच्या बाह्यांचा ठिपक्याठिपक्यांचा ब्लाउज घालून, केसांना रिबीन बांधून समोर उभी! माझ्या आईच्या कॉलेजच्या फोटोत असे ब्लाउज आहेत.

"नाही काकू, मला आवडतं म्हणून घालते. मीच शिवलाय," म्हणाली आणि भर दुकानात हात वर करून काखेतली शिलाई दाखवायला लागली. काय म्हणावं आता! पण शिलाई बघितली आणि मी गप्प बसले. मला गप्प बसवणारी माणसं या भागात फार नाहीत.

पोरगी वाशीमकडची. इंजिनिअर होऊन हिंजवडीच्या एका कंपनीत लागलेली. आठवडाभर जीन्स आणि गळ्यात ओळखपत्र; रविवारी जुन्या बाजारात जाऊन जुनी बटणं, जुन्या लेसी शोधायच्या आणि खोलीवर बसून शिवायचं. कधी कमरेला झालर असलेला ब्लाउज, कधी मोठ्या कॉलरचा. ऑफिसातल्या मैत्रिणी आधी हसल्या, मग हळूच म्हणाल्या, "मलाही शिवून दे ना."

मग दोन हजार नऊची मंदी आली. कंपनीने भराभरा माणसं घरी पाठवली, त्यात हीपण. तिच्या वडिलांचा, कोंडीरामांचा, रोज फोन. "घरी ये. स्थळ चांगलं आहे, मुलगा झेडपीत आहे." तिने पावसाळ्यापर्यंत मुदत मागितली. आईला विचारायची सोय नव्हती. मुक्ताई नवऱ्यापुढे कधी बोलल्याच नव्हत्या.

माझ्या दुकानातला पिको-फॉलचा कोपरा तेव्हा रिकामाच होता. मी म्हटलं, "बस इथे. माझी जागा अडते आहे अशातला भाग नाही." तिला पाटीवर इंग्रजी काहीतरी लिहायचं होतं. मी स्वच्छ सांगितलं, "लोकांना कळेल असं लिही." शेवटी 'जुन्या फॅशनचे ब्लाउज शिवून मिळतील' अशी पाटी लागली. गिऱ्हाईक यायचं, पण तुरळक. मैत्रिणींच्या दोन-चार ब्लाउजांवर पुण्यात राहता येत नाही. पावसाळा तोंडावर आला आणि पोरीचा चेहरा उतरत चालला. मला बघवेना.

आणि मग नम्रता आली. पलीकडच्या गावातल्या बड्या घरची सून. त्यांच्या शेतांवर आता टॉवर उभे आहेत. सासूबाईंची, गोदाबाईंची, एकसष्टी होती. गोदाबाई आणि त्यांच्या दोघी बहिणींनी लग्नाआधी हट्टाने फुग्याच्या बाह्या शिवून घेतल्या होत्या आणि गुपचूप स्टुडिओत जाऊन फोटो काढला होता. घरी कळल्यावर मार पडला तो वेगळाच. आता एकसष्टीला तिघींना तसेच ब्लाउज घालायचे होते. नम्रताने पेटीत जपलेले तिघींचे ब्लाउज आणून दिले, आणि वर म्हणाली, "सगळ्या जावाजावांना असले शिवायचेत. आधी हे तीन बघू."

उत्कर्षाला आकाश ठेंगणं झालं. हे तीन नीट झाले, तर वर्षभराचं काम. मग वडिलांना मान वर करून सांगता येईल की मी इथेच राहते.

आता आपल्याकडची रीत बघा. बाई स्वतः शिंप्याकडे जातेच असं नाही. ब्लाउज पाठवते, शिंपी त्यावरून माप घेतो. नम्रताने ब्लाउज दिले ते नमुना म्हणून. मापाचे मागतील तेव्हा देऊ, असं तिच्या मनात. उत्कर्षाला वाटलं, मापही हेच. कुणी कुणाला विचारलं नाही. शिवले की हो तिने, तंतोतंत तसेच! अठरा वर्षांच्या मुलींच्या मापाचे!

एकसष्टीच्या आदल्या दिवशी सकाळी नम्रता ब्लाउज घेऊन गेली आणि तासाभरात परत आली. मागोमाग खुद्द गोदाबाई. भरदार बाई. गाडीतून उतरतानाच हसत होत्या.

"अगं पोरी, ह्यो कोपराच्या वर जात न्हाई! चाळीस वर्सं मी काय उपाशी हाय का?"

त्या हसत होत्या, नम्रता मात्र लालबुंद झाली होती. "कार्यक्रम उद्यावर आलाय. आता काय करू मी?" उत्कर्षा मशीनवर डोकं टेकून रडायला लागली. आणि नेमके त्याच वेळी कोंडीराम हातात पिशवी घेऊन दारात. मुलीला न्यायला, न सांगता! मी मनात म्हटलं, संपलं.

पण मी ते ब्लाउज उलटे केले आणि जिवात जीव आला. पूर्वी लेकीबाळींचं अंग भरेल म्हणून बाजूच्या शिलाईत चांगलं तीन-तीन बोटं कापड आत दुमडून ठेवायचे. या वेडीने तेसुद्धा जसंच्या तसं ठेवलं होतं.

"रडतेस काय? उसव!" मी ओरडले. "आणि गोदाबाई, तुम्ही इकडे या, हात वर करा."

"अंगाला टेप लावायचा? शी!"

"लावायचा. उद्या ब्लाउज हवाय की नको?"

त्यांनी मुकाट्याने हात वर केले. बहिणींनाही फोन करून बोलावून घेतलं. सहा बाजू, सहा बाह्या उसवायच्या. उत्कर्षा एकटी कुठवर पुरणार? मी दुकान सांभाळू की शिलाया उसवू? तेवढ्यात कोंडीरामांनी चष्मा लावला. एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्म गेलेला माणूस.

"ब्लेड हाये का?" त्यांनी विचारलं.

"अहो, कापड नाजूक आहे," मी म्हटलं.

"दाखवा त खरं."

बसले स्टुलावर. एकेक टाका उचलून कापायचे, फुंकर मारून दोरा उडवायचे. कापडाला ओरखडा नाही. बाप उसवत होता आणि लेक शिवत होती. गोदाबाईंना एवढं करूनही कमी पडत होतं, तेव्हा उत्कर्षाने काखेत त्याच कापडाची चौकोनी पट्टी घातली. जुन्या चोळ्यांना असते तशी.

दिवेलागणीला तिघी बहिणी माझ्या आरशासमोर उभ्या राहिल्या. गोदाबाईंनी दोन्ही बाह्यांचे फुगे बोटांनी वर केले. धाकटीकडे वळून म्हणाल्या, "आता मारून दाखवावं कुणी!" तिघी हसत सुटल्या, हसता हसता डोळे पुसायला लागल्या. नम्रता म्हणाली, "जावांची मापं सोमवारी घ्यायला येशील ना? टेप घेऊन ये बाई." मला एवढा आनंद झाला की मी तिला पिशव्या नीट धर म्हणून दरडावलं.

सगळ्या गेल्या. उत्कर्षा बापासमोर उभी राहिली. "बाबा, मी..."

कोंडीराम पँटला चिकटलेले दोरे वेचत होते. ते वेचून झाल्यावर त्यांनी खिशातून फोन काढला आणि वाशीमला लावला.

"हॅलो, मुक्ता? पाव्हण्याईले सांगून दे, पोरगी येत नाही. हो, नाहीच येत. अवं, सोमवारपासून कामं हायेत तिले."