बिनव्याजी गाडी

कामठ्याच्या रत्नपालवर पंच्याण्णव हजारांचं कर्ज होतं आणि त्यावर एका पैशाचंही व्याज नव्हतं. एवढ्या भल्या अटींवर कर्ज मिळालेला माणूस सुखी असायला हवा. रत्नपाल नव्हता, कारण त्याच्याकडे मोटार होती.

मोटार दोन हजार दहा सालची. रंग पांढरा, मागचा एक दरवाजा तेवढा निळा, दुसऱ्या कुठल्या तरी अभागी गाडीचा. रत्नपाल गोंदियातल्या एका खाजगी शाळेत लिपिक. घराच्या स्लॅबसाठी त्याने शेजारच्या दुलीचंदकडून चाळीस हजार घेतले, मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी भागीरथाबाईंकडून पंचवीस, आणि खुद्द मोटारीच्या इंजिनासाठी केवळराम गुरुजींकडून तीस. व्याजाचं नाव काढताच तिघांनीही कानांना हात लावले. "आपल्याच माणसापासून व्याज घेतेत काय बाप्पा?"

मग दुलीचंदला खताच्या बॅगा आणायच्या असत. गुरुजींना मुलासाठी मुली पाहायच्या असत. आतापर्यंत चौदा पाहून झाल्या होत्या आणि चौदाही घरचे पोहे रत्नपालने चालक या नात्याने खाल्ले होते. भागीरथाबाई सत्तरीच्या, गुडघ्यांनी राजीनामा दिलेला, पण दर सोमवारी संध्याकाळी नागऱ्याच्या महादेवाला जायचा नेम. रत्नपालच्या घरी बुद्धाची मूर्ती. बाई देवळातून येईपर्यंत तो बाहेर बसून पेपर वाची. त्यामुळे पेपरातल्या जाहिराती त्याला पाठ होत्या. पेट्रोल अर्थातच त्याचं.

"फेरीचं भाडं कर्जातून कापा ना," बायको भाग्यश्री म्हणे. "जीपवाला फुकट नेते काय कोणाले?"

"असं तोंडावर सांगता येते काय?"

"उभ्यानं सांगता येत नसंन तर बसून सांगा."

अशात मोटारीला पंधरा वर्षं भरली. पुन्हा पासिंग करायचं तर पत्रा, टायर, कर सगळं धरून मिस्त्रीने बावीस हजार सांगितले. भाग्यश्रीचं मत पासिंगकडे होतं. रत्नपालच्या मनात मात्र नवी गाडी भरली. नव्या गाडीत माणूस ताठ बसतो आणि ताठ बसलेल्या माणसाला कोणी खताच्या बॅगा आणायला सांगत नाही, असा त्याचा सिद्धांत होता.

शोरूममधल्या स्वप्निलने सिद्धांताला पाठिंबा दिला. "सर, पुरानी गाडी आजकल रखता कौन है? एक्स्चेंज में अट्ठाईस हजार दे देंगे." हप्ता नऊ हजार आठशे, सात वर्षं. रत्नपालची नोकरी उरली होती सहा वर्षं. सातव्या वर्षाबद्दल स्वप्निलने आशावादी राहायला सांगितलं. फक्त एक जामीनदार हवा होता, जमीन नावावर असलेला.

जमीन होती दुलीचंदच्या नावावर. तो लगेच तयार झाला. गाडी रविवारी गोंदियाला चालली आणि मागच्या सीटा रिकाम्या आहेत हे कळताच गुरुजी आणि भागीरथाबाईही तयार झाल्या.

शोरूममध्ये तिघांनी नवी गाडी मन लावून पाहिली. दुलीचंदने डिकी उघडून हाताने मापं घेतली. "तीन बॅगा आरामात बसतेत." गुरुजींनी वरात डोळ्यांसमोर आणून फुलांच्या माळा कुठे अडकवता येतील ते पाहिलं. भागीरथाबाईंनी एक पाय आत टाकला आणि काढून घेतला. "लय उंच आहे बाबू. याच्याहून बुटकी दाखव."

रत्नपालला स्टिअरिंगवर बसून पाहा असं कोणी म्हणालं नाही.

स्वप्निलने कागद पुढे सरकवले. दुलीचंदने विचारलं, "हप्ता कोण भरन?"

"रत्नपाल सर."

"मंग काई हरकत नाई," म्हणून दुलीचंदने पेनाचं टोपण काढलं.

ते टोपण निघताना रत्नपालला पुढची सात वर्षं स्पष्ट दिसली. गाडी तिघांची होती. हप्ता तेवढा त्याचा होता. "नाही घ्यायची," तो म्हणाला आणि कोणी काही बोलायच्या आत बाहेर जाऊन निळ्या दरवाजाशी उभा राहिला.

परतताना कामठा चार किलोमीटरवर असताना मोटार बंद पडली. दुलीचंद आणि गुरुजी खाली उतरून ढकलू लागले. भागीरथाबाई गुडघ्यांमुळे मागे बसून राहिल्या. रत्नपालने चावी फिरवली, दुसरा गिअर टाकला, क्लच दाबला. वेग आला की क्लच सोडायचा आणि गाडी सुरू होते, हे तो पंधरा वर्षं करत आला होता.

वेग आला. त्याने क्लच सोडला नाही.

"आजपासून," तो समोरच्या काचेला म्हणाला, "फेरीचं भाडं कर्जातून कापीन. जीपवाला घेते तेवढंच."

"काय म्हणून राहिला?" मागून दुलीचंद धापा टाकत ओरडला.

"ढकल तू!" भागीरथाबाईंनी खिडकीतून सांगितलं. मग पुढे वाकून विचारलं, "नागऱ्याचे किती घेते जीपवाला?"

"जाऊन-येऊन दोनशे."

"मंग माह्ये पंचवीस हजार किती सोमवारात फिटतीन?"

हा हिशेब रत्नपालने पेपर वाचता वाचता अनेकदा केला होता. "एकशे पंचवीस. अडीच वर्षं होतेत."

मागे गुरुजी खोकत होते.

"इतके दिवस काऊन नाई बोलला रे? मले वाटे, तुले फुकट नेण्याची हौस आहे." मग निळ्या दरवाजावर हाताने थापटत म्हणाल्या, "पासिंग करून घे हिचं. एकशे पंचवीस सोमवार टिकली पाह्यजे. मीही टिकीन."

"होय, बाई."

"सोड आता ते काय दाबून ठेवलं ते. मास्तर मरते मांगं."

रत्नपालने बाहेर पाहिलं. बांधावरचा पळस आणखी वीस-पंचवीस पावलांवर होता. तो मागे पडल्यावर त्याने क्लच सोडला.